माझ्यात नसलेल्या ओळी

मी कॅसेट बोलतेय. गाण्यांची नव्हे हो! त्या बिचाऱ्यांच्या आठवणी काढून लोकांचं कौतुक करून झालं, आमच्याकडे कोण बघतंय? मी खेळाची कॅसेट. हातात धरून खेळायच्या छोट्या व्हिडिओ गेममध्ये मागच्या बाजूने खटकन बसणारी, बिस्किटाएवढी, करडी. माझ्या अंगावर तलवार घेतलेल्या मुलीचं चित्र होतं. आता तलवार तेवढी उरलीय, मुलगी झिजून गेली.

माझ्या एवढ्याशा पोटात सात गावं आहेत, एक नदी, एक पूल, बारा गुहा आणि एक शापित राजा. खेळणाऱ्याने गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, राक्षसांशी दोन हात करायचे आणि शेवटी राजाला सोडवायचं. कोणी भेटलं की पडद्याच्या तळाशी चौकट उघडते आणि त्याचं बोलणं अक्षरांत उमटतं. आता खोटं कशाला बोलू, ते बोलणं अगदीच बेताचं आहे. ज्याने लिहिलं त्याला बहुधा घरी जायची घाई होती. ‘आज हवा छान आहे.’ ‘गुहा उत्तरेला आहे.’ संपलं! माझ्यामुळे कधी कोणाच्या डोळ्यांत पाणी येईल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

माझा पहिला मालक फिरता विक्रेता. दिवसभर लोकांच्या दारात बोलून तोंड दुखायचं त्याचं, मग हॉटेलच्या खोलीत बूटसुद्धा न काढता पलंगावर आडवा पडून खेळायचा. माझी अक्षरं त्याने कधी वाचली नाहीत. चौकट उघडली रे उघडली की पटापट बटण दाबून समोरच्याला गप्प करायचा. एकदा त्याने कोट धुवायला टाकला, खिशात यंत्र आणि यंत्रात मी. सकाळी कोट घेऊन गाडी गाठायला पळाला, आणि मी राहिले हॉटेलच्या लाँड्रीत. सहा महिने कोणी चौकशी केली नाही तर वस्तू जिला सापडली तिची, असा तिथला नियम होता. मी सापडले ती इस्त्री करणाऱ्या बाईला. ती माझी मावशी. म्हणजे मावशी तिच्या भाचीची, पण इतकी वर्षं तोच शब्द कानावर पडतोय, मग माझीही मावशीच की!

मावशीचं काम बघत राहावं असं. कोणत्या मजल्याच्या चादरी, कोणत्या मजल्याचे टॉवेल, हे बाकीच्या बाया चिठ्ठ्या वाचून ठरवायच्या. मावशीने मात्र प्रत्येक मजल्याच्या कपड्यांना कोपऱ्यात वेगवेगळ्या रंगाचा दोरा घातलेला. नुसता कोपरा बघायची आणि गठ्ठे लावून मोकळी व्हायची. चूक म्हणून नाही. कारण एवढंच, की तिला वाचता येत नव्हतं. भावंडांत थोरली, शाळेच्या वयात धाकट्यांना कडेवर घेऊन बसली, आणि राहिलं ते राहूनच गेलं. कुठे कागद समोर आला की ती पिशवी चाचपायची आणि म्हणायची, “अगं बाई, चष्मा घरीच राहिला!” गंमत म्हणजे तेव्हा तिच्याकडे चष्मा नव्हताच.

तिची भाची टिल्ली. सहा वर्षांची असताना जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडून घेतलं. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, तीन महिने पलंगावर. आई कारखान्यात दुपारच्या पाळीला. म्हणून मावशी सकाळची पाळी उरकून दोन वाजता हजर व्हायची. पोर रडून रडून घर डोक्यावर घ्यायची. अशाच एका दुपारी मावशीने पिशवीतून मला काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

पहिल्याच गावात पहिला माणूस भेटला, चौकट उघडली. “मावशी, हा काय म्हणतोय गं?” टिल्ली अजून शाळेतही गेली नव्हती. मावशीचा हात सवयीने पिशवीकडे गेला. चष्म्याची सबब तोंडाशी आली होती, मी पाहिलंय. पण पोरीचा चेहरा बघून तिने हात मागे घेतला. “हा होय? हा म्हणतोय, आलीस का बाई! सकाळपासून वाट बघतोय. तुझ्यावाचून कोणी नाही आमचं.”

आणि माझ्यात काय लिहिलं होतं? ‘हे गाव लहान आहे.’

तिथून जे सुरू झालं ते सुरूच झालं. गुहेतला राक्षस म्हणायचा, “मला कोणी जेवायला बोलवत नाही म्हणून डोकं फिरलंय माझं.” कोंबड्या राखणारा नवरा-बायकोच्या भांडणाचा निवाडा मागायचा. पुलावर एक म्हातारी उभी असते. माझ्या मूळ लिखाणात ती एकच वाक्य बोलते: ‘पूल नादुरुस्त आहे. नंतर या.’ मावशीची म्हातारी मात्र भलती खमकी. “पायाची बोटं आज किती वेळा हलवलीस? दहा? वीस झाल्याशिवाय मी नाही सोडायची पलीकडे!” मग टिल्ली दात-ओठ खाऊन बोटं हलवायची. डॉक्टर सांगून थकले होते, आईने विनवण्या केल्या होत्या, पण ऐकलं ते म्हातारीचं.

अडचण एकच होती. खेळात पुढे कसं जायचं तेही माझ्या अक्षरांतच लिहिलेलं. एका दाराची किल्ली विहिरीत आहे, असं शिपाई पहिल्या दिवसापासून सांगत होता. मावशीला काय कळणार? दोघी तीन आठवडे गावभर फिरल्या. घराघरांत घुसल्या, कोंबड्यांच्या खुराड्यात बघून आल्या. मी आतल्या आत तडफडत होते, अगं, विहीर बघा, विहीर! शेवटी खेळात टिल्ली चुकून विहिरीत पडली आणि किल्ली मिळाली. दोघींनी असा आरडाओरडा केला की शेजारीण धावत आली.

प्लास्टर काढायच्या आदल्या दिवशी टिल्ली घाबरून गप्प झाली होती. आपल्याला आता चालता येणारच नाही असं तिने मनाशी धरलं होतं. मावशीने तिला खेळातल्या पुलावर जायला सांगितलं. चौकट उघडली. मावशी हळू आवाजात म्हणाली, “म्हातारी म्हणतेय, पडशील म्हणून भितेस होय? पड की! पूल मी धरलाय.”

टिल्ली उभी राहिली, चालली, आणि महिन्याभरात इतकी पळायला लागली की यंत्र हातातून सुटून फरशी पुसायच्या बादलीत गेलं. यंत्र कायमचं गेलं. मला मावशीने पुसून, वाळवून बटणांच्या डब्यात ठेवलं. मग शाळा, मैत्रिणी, परीक्षा. माझी आठवण निघायची ती फक्त कौतुकाने. टिल्ली भेटेल त्याला सांगायची, “आमच्या मावशीने मला वाचून वाचून बरी केली.” मावशी हे ऐकलं की काहीतरी काम काढून आत निघून जायची.

अशी सव्वीस वर्षं गेली. टिल्ली आता लिफ्ट दुरुस्त करते. मावशी निवृत्त होऊन तिच्याकडेच राहायला आली. टिल्लीला नऊ वर्षांची मुलगी आहे. प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागते म्हणून घरात तिचं नाव पडलंय वकीलबाई.

एकदा एका इमारतीत लिफ्टचं काम करताना तळघरातल्या जुन्या सामानाच्या दुकानात टिल्लीला माझं यंत्र दिसलं. माझं म्हणजे तसलंच. घरी आणलं. माझ्या पोटातली बॅटरी बदलली, आणि मग माणसं आमच्या जातीशी जे हमखास करतात तेच केलं: माझ्यावर जोरात फुंकर मारली. पडदा उजळला. रविवारची सकाळ होती. “मावशी, हिला वाचून दाखव ना, मला दाखवायचीस तसं. मी स्वयंपाक आटपून आलेच.”

मावशीची पंचाईत झाली. पण काय करणार? सुरुवात केली. पहिल्या गावात निभावलं, वकीलबाई चित्रंच बघत होती. पूल आला. “म्हातारी म्हणतेय, आलीस का गं पोरी—”

“आजी, असं कुठेय?” वकीलबाईने मान पुढे घातली. “इथे लिहिलंय, पूल नादुरुस्त आहे. नंतर या.”

“चष्मा धड नाही माझा.”

“मागच्याच महिन्यात केलाय की! नाकावर आहे.”

टिल्ली हसत हसत ओले हात पुसत बाहेर आली. “काय चाललंय? बघू.” तिने मला हातात घेतलं. पुलावरून मागे फिरली, शिपायाशी बोलली, चौकट वाचली. “अगं मावशी, हा तर सरळ सांगतोय किल्ली विहिरीत आहे म्हणून! मग आपण तीन आठवडे कशाला…” तिचं वाक्य अर्ध्यावर थांबलं.

मावशीने चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“मला वाचता येत नाही,” ती म्हणाली. “तेव्हाही येत नव्हतं. लाँड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तू जगभर सांगत सुटलीस, मावशीने वाचून दाखवलं म्हणून. सगळ्यांपुढे अडाणी ठरले असते तरी चाललं असतं गं. तुझ्यापुढे नको होतं.”

माझा जीव वरखाली होत होता. एवढी वर्षं तिच्या शब्दांचं श्रेय मी फुकट खाल्लं होतं, आणि आता माझ्याच अक्षरांनी तिला उघडं पाडलं. मला तोंड असतं तर तिथेच बंद केलं असतं.

टिल्ली जमिनीवर बसली, मावशीच्या पायांशी. “लिफ्टच्या शाफ्टमध्ये मी पहिल्यांदा उतरले ना मावशी, खाली सात मजले नुसता काळोख. तेव्हा मी काय म्हणत होते माहितीय? पड की, पूल मी धरलाय. ही जन्मली तेव्हाही तेच. मला वाटायचं, कोणी मोठ्या शहाण्या माणसाने लिहिलंय ते. त्याचा पत्ता मिळाला तर जाऊन पाया पडेन म्हणायचे. आणि तू रोज माझ्याच ताटात जेवतेयस!”

ती रडत होती आणि हसतही होती. मावशीने तिच्या डोक्यावर हात ठेवला तो उचललाच नाही.

“म्हणजे आजी खोटं बोलली ना?” वकीलबाईने विचारलं.

“हो,” टिल्ली नाक पुसत म्हणाली. “तीन महिने, रोज, धडधडीत!”

मावशीला असं हसू फुटलं की चष्मा खाली पडला.

आता आमचा रविवार असा असतो: वकीलबाई आधी लिहिलेलं वाचते, मग मावशी तिचं सांगते, आणि मावशीचं जास्त आवडलं तरी वकीलबाई ते कबूल करत नाही. आणखी एक झालंय. वकीलबाईने मावशीला अक्षरं शिकवायला घेतलीत. पुस्तक मावशीला नको. तिला मीच हवी. माझी ओळ बटण दाबेपर्यंत जागची हलत नाही, कोणी ताटकळत नाही, कोणी उसासे टाकत नाही. ज्याने मला घाईघाईत लिहिलं त्याने वाक्यं लहान ठेवली, त्याबद्दल आता मी त्याची ऋणी आहे.

माझं काही फार दिवस चालेल असं नाही. अंगावरची पितळी टोकं झिजलीत, कधीकधी पडदा नुसताच फडफडतो. पण माझी तक्रार नाही. माझ्यासारख्या साध्या कॅसेटच्या वाट्याला एवढं कौतुक आलं, ते मावशीमुळे. तुम्हालाही लहानपणी कोणी काही वाचून दाखवलं असेल, तर ते माणूस असेपर्यंत त्याच्याजवळ जाऊन बसा, एवढंच मागते.

कालची गोष्ट सांगते आणि थांबते. दुपारची वेळ. टिल्ली कामावर, वकीलबाई शाळेत. मावशीने आपणहून मला लावलं, एकटीच. तिसऱ्या गावातल्या दुकानात शिरली. दुकानदाराची चौकट उघडली. कोणी सांगणारं नव्हतं. मावशीने पडद्यावर बोट टेकवलं आणि एकेक अक्षर लावू लागली. दोनदा चुकली, परत पहिल्यापासून आली. घाम पुसला. चांगली दहा मिनिटं गेली. मग अख्खी ओळ तिने एका दमात, मोठ्याने वाचली. आयुष्यातली पहिली.

“काय हवं आहे तुम्हाला?”

ती कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसली. मग दुकानदाराला म्हणाली, “काही नको रे बाबा. सगळं मिळालं.”