पार्किंगमधला डोळा

मित्रांनो, हडपसरच्या एका सोसायटीत, पार्किंगच्या खांबावर खिळलेला मी एक जुना कॅमेरा आहे. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्याकडे डोळाही आहे, तो मी.

भरदुपारी यमुनाबाईंच्या गळ्यातली पोत एका चोराने जिन्यापाशी हिसकावली, तेव्हा मला इथे बसवलं. महिन्याभराने तो पुन्हा आला आणि मी टिपलेल्या चेहऱ्यावरून पोलिसांनी त्याला धरलं. खंडेनवमीला मला झेंडूचा हार मिळाला. मी हुरळून गेलो, खोटं कशाला बोलू?

मग सेक्रेटरी श्रीनिवास यांनी मला आपल्या मोबाइलला जोडून घेतलं. चोर येईनासे झाले, पण श्रीनिवासांची बघायची खोड काही जाईना. तळमजल्यावर, अगदी माझ्यासमोर, अपेक्षा नावाची नोकरी करणारी मुलगी भाड्याने एकटी राहते. रविवारी तिच्याकडे एक मित्र येतो. त्याच्या येण्याजाण्याचे व्हिडिओ श्रीनिवासांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आणि तिला घर सोडायला लावायचं म्हणून पार्किंगमध्येच सभा बोलावली. माझ्यामुळे तिचं छप्पर जाणार होतं. मला फार लाज वाटली, पण बोलणार कसा?

सभेत श्रीनिवासांनी लावलेल्या पडद्यावर तिचं दार दिसू लागलं. कोणी खाकरलं, कोणी हसलं. हे सगळं सुरक्षिततेसाठीच आहे, ज्याला काही लपवायचं नाही त्याने घाबरायचं कशाला, असं श्रीनिवास म्हणाले.

अपेक्षा उठली.

"दाखवा ना काका. पण माझ्याच दाराचं का? सगळ्यांचं दाखवा, महिनाभराचं."

पिशवीत बाटली दडवून कोण आणतं, कोणाचा मुलगा जिन्याखाली सिगारेट ओढतो, सगळं माझ्याकडे होतं. माना खाली गेल्या. श्रीनिवासांचं बोट मोबाइलवर तसंच राहिलं.

तेवढ्यात यमुनाबाई उभ्या राहिल्या. त्यांची सून शेजारीच बसली होती.

"आधी माझं दाखवा. सुनेशी भांडले की जिन्याच्या त्या पायरीवर बसून रडते मी. बघायचंय कोणाला?"

कोणालाच बघायचं नव्हतं. चहा तसाच ठेवून सभा उठली. अपेक्षाचं घर वाचलं आणि माझं तोंड फाटकाकडे वळवलं गेलं. तरी ती अजून पार्किंगमधून जाताना चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळते. ते पाहून मला वाईट वाटतं.

मित्रांनो, मला जरूर ठेवा, माझी काच पुसत जा. चोर आला तर मी कामी येईन. पण माझं तोंड कुठे करायचं, ते नीट विचार करून ठरवा. मला पापण्या नाहीत. तुम्हाला आहेत.