खैराजी कोणाचा

"ते नाव खोड," निवृत्ती म्हणाला.

गोविंदानं मान वर केली नाही. कागदाच्या माथ्यावर त्यानं ठसठशीत अक्षरात 'सरदार खैराजी' लिहिलं होतं आणि आता तो खालच्या चौकटीत ताकदीचा आकडा मांडत होता. चार वर्षांनी थोरला भाऊ त्याच्याशी बोलला, ते एवढंच.

वरवट बकाल गावात पूनमचा कॉम्प्युटर क्लास होता. रविवारी दुपारी तो बंद असे, तेव्हा ती तिथं हा खेळ मांडायची. पुण्याला शिकताना होस्टेलवर ती तो शिकून आली होती. ज्यानं त्यानं आपला एक वीर घडवायचा. त्याची ताकद, त्याचं शस्त्र, त्याची उणीव, त्याच्या मागची हकीकत, सगळं एका कागदावर लिहायचं. मग पूनम प्रसंग सांगणार, खेळणारे आपापल्या वीराच्या तोंडानं बोलणार, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा निकाल देणार. पूनम या दोघांची भाची. तिच्या शेजारी अंगणवाडीच्या जयमालाबाई बसल्या होत्या. त्या खेळात पहिल्यापासून होत्या.

निवृत्तीही सहा महिने येत होता. ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो सव्वीस वर्षं परिचर होता. पोरांनी वापरलेल्या परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, सरांनी हाक मारली की जायचं. रविवारचे तीन तास मात्र तो तिरंदाज असे, आणि त्याला विचारल्याशिवाय कोणी पुढं पाऊल टाकत नसे. मागच्या रविवारी त्याचा तिरंदाज मेला. तेव्हाच त्यानं ठरवलं, आता खैराजी. आठवडाभर नळ्या धुताना तो मनातल्या मनात कागद भरत होता. आज येऊन पाहतो तर पूनमनं त्याला न सांगता गोविंदाला बोलावलेलं, आणि गोविंदानं खैराजी लिहूनही टाकलेला.

खैराजी कुठल्या पुस्तकातला नव्हता. तो त्यांच्या आईनं रचला होता. सोनाळ्याच्या वरच्या डोंगरात त्याचा गड, हाताखाली सत्तर माणसं, आणि पाणी मिळालं की सगळ्यांचं पिऊन झाल्यावर तो पिणार. निवृत्ती सात वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला होता. एकवीस दिवस आई त्याच्या उशाशी बसून ही गोष्ट वाढवत राहिली. गोविंदा तेव्हा जन्मलाही नव्हता.

हे सगळं निवृत्तीनं पूनमला ऐकवलं, गोविंदा खोलीत नसल्यासारखं. गोविंदानंही पूनमकडेच बघून उत्तर दिलं, की सांगितली असेल, त्यालाही आईनं सांगितली होती, गोष्टीचा काही सातबारा नसतो. पूनम म्हणाली, एकानं खैराजी व्हावं, दुसऱ्यानं त्याचा मुलगा. त्याला दोघांनी एकदमच नकार दिला.

मग खरा खैराजी कोणाला ठाऊक, यावर जुंपली. निवृत्ती म्हणाला त्याच्या हातात भाला, गोविंदा म्हणाला कुऱ्हाड. एकाच्या खैराजीची डाव्या हाताची दोन बोटं तुटलेली, दुसऱ्याच्या खैराजीचा एक डोळा गेलेला. दर उत्तरासरशी आवाज चढत गेला. जयमालाबाईंनी चहाचा ग्लास टेबलाच्या कडेवरून उचलून मांडीवर घेतला.

"वावर वाटून घेतलं, विहीर वाटून घेतली," निवृत्ती म्हणाला. "आता हेही पाह्यजे काय बे तुले?"

"वाटून घेतलं? रस्त्याले फाटक कोनं लावलं मंग?"

ते खरं होतं. वाटणी झाल्यावर निवृत्तीनं आपल्या वावरातून जाणाऱ्या गाडीरस्त्यावर लोखंडी फाटक बसवून कुलूप घातलं होतं. गोविंदाची वांगी आणि मिरची तेव्हापासून नाल्यातून फेरा घालून बाजाराला जात होती.

"माय शेवटची दोन वर्स माह्या घरी खाटेवर होती," गोविंदा म्हणाला. "तू तिले पाहाले किती डाव आला?"

"तू बोलावलं काय?"

"मायले भेटाले बोलावनं लागते काय?"

पूनमनं घाईनं गोविंदाचा कागद आपल्याकडे ओढला. उणिवेची चौकट रिकामी होती. वीराला एक तरी उणीव हवीच, नाहीतर खेळात मजा राहत नाही, असं काहीतरी ती बोलली आणि तिनं विचारलं, की खैराजीची उणीव काय?

"त्याले उणीव नाई," निवृत्ती लगेच म्हणाला.

"हाये," गोविंदा म्हणाला. "त्याले थोरला भाऊ हाये."

निवृत्ती हसला. खैराजी एकुलता एक होता, हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. पण गोविंदा हसला नाही. त्यानं सपाट आवाजात पुढचं सांगितलं. खैराजी लढाईहून परतला, अर्धी माणसं जखमी, आणि गडाचा दरवाजा आतून बंद. आत थोरला भाऊ. तो वरून पाहत होता, खाली कोण उभं आहे ते त्याला दिसत होतं, पण त्यानं दरवाजा उघडला नाही.

"हे तू बनवलं."

"मायनं सांगतलं. खाटेवर होती तवा. रोज थोडं थोडं सांगे."

निवृत्तीनं भावाच्या तोंडाकडे पाहिलं. गोविंदा लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे; आई त्यावरूनच त्याला पकडायची. आता कान लाल नव्हते.

"नाव काय होतं त्या भावाचं?"

"नाव नाई ठेवलं तिनं. थोरला म्हने नुसतं."

पंख्याखाली कोरे कागद फडफडत होते. जयमालाबाईंनी त्यांच्यावर हात ठेवला.

"मंग उघडला का त्यानं?" निवृत्तीनं विचारलं. आवाज खाली आला होता.

"ते नाई सांगतलं. तिथवरच झाली गोष्ट."

 निवृत्तीनं खिशातला पेन्सिलीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि पूनमला म्हणाला, "राहू दे खैराजी त्याच्यापाशी."

गोविंदानं कागद परत ओढून घेतला. भावाकडे न बघता त्यानं उणिवेच्या चौकटीत 'थोरला भाऊ' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

पूनम म्हणाली, मामा, तुम्ही दुसरा कोणी घडवा ना, वेळ आहे. कॉलेजात काम आहे, असं निवृत्तीनं सांगितलं. रविवार होता, आणि ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. 

बाहेर पायरीवर बसून तो चपलेचा पट्टा लावू लागला. आत पूनमनं खेळ सुरू केला आणि खैराजीला त्याची हकीकत विचारली. गोविंदा बोलू लागला, आणि अगदी आईसारखाच, पहिल्या दोन शब्दांनंतर थांबून: "त्या साली... डोंगरात पळस लई फुलला होता."

गोष्ट अशी सुरू व्हायची, हे निवृत्ती विसरून गेला होता. भाला लक्षात राहिला, बोटं लक्षात राहिली, सत्तर माणसं राहिली. पळस राहिला नव्हता. पट्टा बोटांत धरून तो ऐकत राहिला. समोरून जाणाऱ्या एकानं राम राम घातला, त्यालाही त्यानं नुसती मान हलवली.

आत फासा टेबलावर घरंगळला. किती पडले, ते बाहेर ऐकू आलं नाही.