शाउरेमेच्या पिशवीचा पट्टा

दरी ओलांडून शाउरेमे तिसऱ्यांदा आला, तेव्हा कुपाइमा अंगणात विणत बसली होती. मागाचं एक टोक पेरूच्या झाडाला, दुसरं तिच्या कमरेला. उठायचा कंटाळा आला म्हणून तिने बसल्या जागेवरूनच हात पुढे केला.

"पुन्हा पट्टा तुटला?"

"जुनी झालीय पिशवी. बहिणीने विणलेली. ती तर सासरी, किनाऱ्याकडे."

कुपाइमाने पट्ट्याची टोकं उन्हात धरली. जीर्ण लोकर तुटली की धागे विस्कटतात. ही टोकं मात्र एका रेषेत होती.

"शाउरेमे, हा सुरीने कापलाय."

चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या थापणारी तिची लेक यूरामा फिस्सकन हसली. "काकांची टोपीपण नवीन दिसतेय गं, आई!"

"तू तव्याकडे बघ. करपतेय."

साठीला आलेला शाउरेमे टोपीची कड चाचपत उभा राहिला. पुरुषाची पिशवी घरच्याच बाईने विणायची, ही डोंगरातली रीत. त्यामुळे 'मला एक विणून दे' असं सरळ म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती. कुपाइमाचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, त्याची बायको जाऊन आठ.

कुपाइमाने कमरेचा माग सोडला. "हा पट्टा आता जोडण्यात अर्थ नाही. नवीच हवी. सरळ उभे राहा."

तिने धागा त्याच्या खांद्यावरून कमरेपर्यंत धरला.

"अहो, श्वास घ्या! जीव गेला तर हे माप कुणाच्या कामाचं?"

"किती दिवस लागतील?"

"घाई आहे का?"

"छे. आठ वर्षं थांबलोच आहे की."

पिशवी कुठवर आली ते बघायला तो रोज येऊ लागला. कधी सरपण आणी, कधी मध. नक्षी चुकली म्हणून कुपाइमाने दोनदा चार-चार बोटं उसवलं. यूरामाला मात्र काही चुकलेलं दिसलं नाही.

नव्या मक्याच्या सणाला शाउरेमे पांढऱ्या सदऱ्यावर ती पिशवी अडकवून आला. लाल लोकरीत दोन तोंडांचा गरुड उठून दिसत होता. बायका गोळा झाल्याच.

"कुणाच्या हातची हो?"

"कुपाइमाच्या!" तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की ढोल वाजवणारा म्हातारा थबकला. कुपाइमा लाजली, पण पुढ्यातला भोपळा चवीने संपवत राहिली.

पुढच्या आठवड्यात शाउरेमे नऊ कोंबड्या आणि एक घोंगडं घेऊन तिच्याकडेच राहायला आला.

"काका, कोंबड्या कुठे ठेवायच्या?" यूरामाने विचारलं.

"तुझ्या आईला विचार," तो म्हणाला आणि पेरूच्या सावलीत ऐसपैस बसला.