पुढची लढत कुणाशी

थोरल्याने खांदे पाडले, पोट पुढे काढलं आणि नाकातून जोरजोरात श्वास सोडत टेबलाभोवती एक फेरी मारली. मग थांबून हनुवटी छातीत खुपसली आणि हवेत एक संथ, जड ठोसा हाणला. ऑफिसातले सगळे खदाखदा हसले. मॅनेजरचा चहा बशीत सांडला.

"म्हातारा," मास्तर म्हणाले. "हुबेहूब."

म्हातारा म्हणजे आधीचा चॅम्पियन. चाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, पण नाव अजून असं की पोस्टरवर नुसतं लिहिलं तरी तिकिटं संपावीत. हेवीवेटचा जगज्जेतेपदाचा पट्टा आता ज्याच्याकडे होता तो थोरल्याचा धाकटा भाऊ खिडकीच्या कट्ट्यावर बसून हसत होता. त्याने पुढे कुणाशी लढायचं यावर जिमच्या त्या लहानशा ऑफिसात गेले काही दिवस नुसता काथ्याकूट चालला होता. मॅनेजरचा जीव म्हाताऱ्यात अडकला होता. लोक नाव बघायला येतात, आणि नाव काही फार जोरात मारत नाही, असा त्याचा हिशेब. मास्तरांनी दोघा भावांना शाळकरी वयापासून शिकवलं होतं. ते सगळ्यांचं ऐकून घेत होते आणि स्वतः काही बोलत नव्हते.

"आणि हा," थोरला म्हणाला. त्याने उजवा पाय पुढे टाकला, डावी मूठ गालापाशी आणली आणि एकदम बारीक झाल्यासारखा उभा राहिला. या वेळी कुणी हसलं नाही. हा म्हणजे डावखुरा, पट्ट्यावर डोळा ठेवून असलेला दुसरा. तरणाबांड, एकही लढत न हरलेला. बहुतेकांना त्याने अर्ध्या वाटेतच घरी पाठवलं होतं.

हे थोरल्याचं कामच होतं. धाकटा ज्याच्याशी लढणार, तो माणूस आधी थोरल्याला व्हावं लागे. तो त्या माणसाच्या लढती पुन्हा पुन्हा बघे, त्याच्यासारखा चालू लागे, त्याच्यासारखा खाकरू लागे, आणि मग रोज रिंगमध्ये उतरून भावाला त्याची सवय करून देई. जिममध्ये त्याला बहुरूपी म्हणत. तो सगळ्यांबरोबर हसायचा, पण ते नाव त्याला मनापासून नकोसं होतं.

"दादा, तुझं काय म्हणणं?" धाकट्याने विचारलं.

"डावखुरा," थोरला म्हणाला. "म्हाताऱ्याला हरवून काय मिळवणार? लोक म्हणतील, आजोबांना मारून आला. तू चॅम्पियन आहेस ना? मग जो सगळ्यात अवघड आहे त्याला बोलव. त्याला तू हरवशील."

बोलणं अगदी सरळ होतं. पण थोरल्याच्या पोटात वेगळंच होतं. धाकटा हरायला हवा होता. चारचौघांत, दिव्यांच्या झगझगाटात, पाठीवर पडून हरायला हवा होता. थोरला हे स्वतःशीसुद्धा शब्दांत बोलला नसता, पण रोज सकाळी दात घासताना तेवढं एकच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे यायचं आणि त्याला बरं वाटायचं.

तसा तो दुष्ट माणूस नव्हता. पण धाकट्याला पहिल्यांदा ग्लोव्ह्ज त्याने चढवले होते, उभं कसं राहायचं ते त्याने दाखवलं होतं, आणि मग एका वर्षी तो दोन लढती लागोपाठ हरला आणि धाकटा जिंकला. तेवढ्यावर सगळं ठरून गेलं. आता कोपऱ्यावरचा न्हावी दाढी करताना "भाऊ कसे आहेत?" विचारायचा. दाढी थोरल्याची, विचारपूस धाकट्याची. बायकोसुद्धा कपाटाच्या दारावर दिराचा पेपरातला फोटो चिकटवून मोकळी झाली होती. दार उघडलं की फोटो, मिटलं की फोटो. भाऊ डोळ्यात खुपतो असं कुणाला सांगणार? आणि सांगितलंच तर लोक काय म्हणणार, ते त्याला पाठ होतं.

त्याच्याकडे एक गुपित मात्र होतं, आणि त्यावर तो जगत होता. धाकट्याच्या खेळात एक भोक होतं. डाव्या हाताचा ठोसा मारून तो मागे सरकायचा, तेव्हा त्याची उजवी मूठ गालावरून क्षणभर खाली यायची. नेमक्या त्या वेळी समोरच्याने डावा हात सरळ टाकला, की तो थेट जबड्यावर बसायचा. थोरल्याने तो कितीदा तरी बसवला होता. मास्तरांच्या लक्षात आलं नव्हतं, मॅनेजरच्या तर बापाला कळलं नसतं. म्हाताऱ्याचा डावा हात आता नावापुरता होता, त्याला ते भोक सापडूनही उपयोग नव्हता. डावखुरा मात्र त्याच हातावर जगत होता.

घरी बायकोने विषय काढला. धुतलेल्या चादरीचं एक टोक त्याच्या हातात देत ती म्हणाली, की मॅनेजरचा फोन आला होता, भाऊजींना त्या राक्षसाच्या तोंडी द्यायला तुम्ही का निघालात?

"माझ्या लढतींना तुझा जीव असा कधी खालीवर झाला नाही," तो म्हणाला.

ती चादरीची घडी घालता घालता थांबली. त्याच्या तोंडाकडे तिने असं पाहिलं, की त्याने नजर चादरीवर वळवली. मग उरलेली घडी तिने एकटीनेच घातली.

मास्तरांनी शेवटी एक तोड काढली. ठरवायच्या आधी एकदा खऱ्या डावखुऱ्यासमोर उभं राहून बघू. दुसऱ्या शहरातून त्यांनी एक मुष्टियोद्धा बोलावला, जाडजूड, अबोल, दोन मुलांचा बाप. थोरल्याला वाईट वाटलं. आपण असताना बाहेरचा कशाला, असं तो बोलूनही गेला.

"तू डावखुरा होतोस," मास्तर म्हणाले. "तो आहे."

पण रुसवा फार टिकला नाही. उलट त्याला आतून उकळ्या फुटू लागल्या. आता भोक कुणीतरी दुसरा दाखवणार होता, त्याच्या हाताला डाग न लागता. आयुष्यात पहिल्यांदा तो सरावाच्या वेळी रिंगच्या बाहेर, दोरांना टेकून उभा राहिला.

घंटा झाली. धाकट्याने डावा ठोसा मारला आणि मागे सरकला. थोरला दोरावरून पुढे वाकला. उजवी मूठ गालावरच होती. पुन्हा ठोसा, पुन्हा मागे. मूठ गालावर. पाहुण्याचा डावा हात आला तो त्या मुठीवर आपटला, आणि तो परत जायच्या आत धाकट्याचा उजवा बाहेर पडला. थोरल्याने तो ठोसा कधी पाहिलाच नव्हता. म्हणजे टीव्हीवर पाहिला होता, इतरांना बसताना. समोरून येताना कधी नाही. पाहुणा दोरावर रेलला, हसला, पुन्हा पुढे आला. दुसऱ्या फेरीत तो एका गुडघ्यावर बसला. तिसरीच्या मध्यात त्याने हात हलवून पुरे म्हटलं. तेवढ्या वेळात ती मूठ एकदाही खाली आली नाही. थोरला वाट बघून बघून थकला.

धाकटा आंघोळीला गेला. मास्तर रिंगवर सांडलेलं पाणी पुसत होते. थोरल्याला राहवलं नाही.

"आज त्याचा उजवा हात खाली आला नाही."

"कुणापुढे येतो खाली?"

"माझ्यापुढे येतो, मास्तर. नेहमी येतो."

मास्तर फडकं पिळत राहिले. बोलावं की नाही, असं त्यांच्या मनात चाललेलं दिसत होतं.

"तुझ्यापुढे येतो," ते म्हणाले. "पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी त्याला झापलं होतं. तर म्हणाला, मास्तर, दादाचा एखादा तरी लागू द्या. काहीच लागलं नाही तर तो यायचा बंद होईल."

रिंगवरचं पाणी पुसून झालं होतं, तरी मास्तर तीच जागा पुसत राहिले. चॅम्पियनसमोर रोज उभं राहूनही आपल्या तोंडावर साधा ओरखडा नाही, याचा थोरल्याला केवढा अभिमान होता. लग्नाकार्यात तो हे नातेवाइकांना सांगत असे. ते आठवून त्याचे कान तापले. इतके दिवस तो भावाला पाण्यात पाहत होता तेव्हा निदान बरोबरीचा तरी होता. आता तेही राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे पुन्हा जमले. मॅनेजरने नव्या दमाने म्हाताऱ्याची बाजू मांडायला सुरुवात केली, तेवढ्यात थोरलाच मध्ये बोलला. त्याने विचार बदलला होता. म्हाताराच बरा, तो म्हणाला. घाई कसली आहे? डावखुरा कुठे पळून जात नाही, एक वर्ष अंगाला आराम द्यावा, घरच्यांच्याही जिवाला घोर नको. तो हे अगदी मायेने बोलला. डावखुऱ्याला धाकटा लोळवणार हे त्याला आता दिसत होतं. मग न्हावी, नातेवाईक, पेपर, कपाटाचं दार, कशालाच अंत राहणार नव्हता. तेवढं तरी टळावं.

मॅनेजर खूश झाला. "शेवटी रक्ताचं माणूस," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मास्तर नखं बघत बसले.

"नाही," धाकटा म्हणाला. "डावखुराच."

मॅनेजरने कपाळाला हात लावला आणि कारण विचारलं.

"म्हातारा घे, म्हातारा घे, असं तुम्ही सगळे म्हणत होता. मला वाटलं, मी त्याला हरवीन यावर कुणाचा भरवसाच नाही. एकटा दादा म्हणाला, तू हरवशील." धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. "आता काळजीपोटी फिरतोय तो. पण पहिल्यांदा बोलला ते खरं."

मॅनेजर फोन लावायला बाहेर गेला, मास्तर त्याच्या मागोमाग गेले. थोरला उठून रिंगपाशी आला. दुपारची वेळ होती आणि जिम रिकामी होती. थोड्या वेळाने धाकटाही आला.

"उद्यापासून लागू या," तो म्हणाला. "तू तर त्याच्यासारखा उभासुद्धा राहायला लागलास."

"तो कालचा माणूस बोलावून घ्या."

"तो कशाला? मला तू हवास."

"मग हात वर ठेव."

मास्तर ज्या दारातून गेले होते तिकडे धाकट्याने एकदा पाहिलं. मग जमिनीकडे. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी काही लपवताना सापडला की व्हायचे तसे.

"लागेल, दादा," तो म्हणाला.

त्यात मिजास नव्हती. त्याला खरंच काळजी वाटत होती, आणि थोरल्याला तेच सहन होईना.

"आत्ता," तो म्हणाला. "उद्या नाही."

त्याने खिळ्यावरचे नाडीचे ग्लोव्ह्ज काढले आणि हात आत घातले. पण ग्लोव्ह्ज चढवल्यावर नाड्या आपल्याला आपण बांधता येत नाहीत, आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं. मग त्याने दोन्ही हात भावापुढे धरले. धाकट्याने त्याच्या तोंडाकडे न बघता नाड्या ओवल्या, मनगटाभोवती गुंडाळल्या आणि सामन्याला आवळतात तशा घट्ट आवळल्या.