मिटलेलं निळं कव्हर

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्या बाकावरच्यांनीही पुढे यावं. माझा आवाज आता पूर्वीसारखा पोचत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नव्हे. आमच्या माउंट नेबो चर्चमधल्या व्हर्डेल क्रेनशॉची ही गोष्ट. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे, ते आत्ताच कबूल करून टाका.

गुरुवारी सकाळी व्हर्डेल स्टुलावर चढून बैठकीच्या भिंतीवरची चौकट उतरवत होती. तिचे शहाऐंशी वर्षांचे वडील, चर्चचे डीकन ओझेल, स्टूल धरायला म्हणून उभे राहिले होते, पण धरला होता तिच्या झग्याचा काठ, आणि तो खाली ओढत होते.

"राहू दे गं तिथंच."

"बाबा, दुपारी परत आणते. झेरॉक्स काढायचीय नुसती."

"भिंतीवर आहे म्हणून सांग. सगळ्या टॅलोवा काउंटीला ठाऊक आहे."

"काउंटीला ठाऊक आहे, मिस किम्ब्रोच्या फायलीला नाही ना."

एरवी अशा उत्तरावर मांडीवर थाप मारून हसणारा माणूस, पण आज हसला नाही. वय झालं, व्हर्डेलला वाटलं, आणि तिनं चौकट काखेत मारली.

व्हर्डेल काउंटीच्या ९११ केंद्रात तीस वर्षं फोन घेत होती. घर पेटलं, छातीत कळ आली, गाडी नाल्यात गेली, की टॅलोवातल्या माणसाच्या कानात पहिला आवाज तिचा. 'मी व्हर्डेल. मी इथंच आहे. आता मी सांगते तसं करा.' गेली नऊ वर्षं केंद्रप्रमुखाचं कामही तीच बघत होती, पण प्रभारी म्हणून. आता ती जागा कायमची भरायची होती, आणि नवा नियम आला होता की त्या खुर्चीवर चार वर्षांची पदवी घेतलेलाच माणूस बसेल. पदवी कसलीही चालेल.

व्हर्डेलची पदवी त्या चौकटीत होती. एकोणीसशे नव्वदच्या मे महिन्यात तिनं काळा झगा घालून मंचावर हात पुढे केला होता. हातात पडलं ते सोनेरी अक्षरांचं निळं मखमली कव्हर, पुस्तकासारखं मिटणारं आणि आत कोरं. खरा कागद मागाहून टपालानं घरी येतो अशी तिथली रीत. व्हर्डेल नोकरी शोधायला बर्मिंगहॅमला गेली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला परतली, तर कव्हर मिटलेलंच, जाड लाकडी चौकटीत काचेआड बसवलेलं.

"कॉलेजातून आलं का?" तिनं विचारलं होतं.

"आलं. आत ठेवलंय."

"मग उघडं लावायचं ना, बाबा. लोकांना वाचता येईल."

"बायबल कुणी भिंतीवर उघडं टांगतं का?"

यावर चर्चमधली माणसं वर्षभर हसली. आमच्यातलं कॉलेजात गेलेलं ते पहिलंच लेकरू. ईस्टरला घरी आलेला प्रत्येक जण टोपी काढून त्या चौकटीपुढे उभा राहायचा.

मिस किम्ब्रो काउंटीची नोकरभरती बघायची. चौकट पाहून ती म्हणाली, "अगं, कागद मागितला होता, भिंतच घेऊन आलीस?"

"बाबांनी स्क्रू मारलेत. स्क्रू-ड्रायव्हर द्या."

ओझेल क्रेनशॉंनी जन्मभर लाकूडगिरणीत करवतींना धार लावली; त्यांच्या हातचं काम सहज सुटणारं नव्हे. दोघींनी आळीपाळीनं जोर लावला, तेव्हा पाठ निघाली. व्हर्डेलनं झग्याला हात पुसले आणि कव्हर उघडलं.

उजवी बाजू कोरी होती. चारी कोपऱ्यांत कागद अडकवायच्या रेशमी फिती तशाच, न ताणलेल्या. मधल्या घडीत टाइप केलेलं एक पातळ पत्र होतं. 'आपली पोहण्याची परीक्षा बाकी असल्याने पदवी देता येत नाही. एका वर्षाच्या आत येऊन ती द्यावी.'

व्हर्डेलनं ते पुन्हा वाचलं. त्या कॉलेजात पोहता आल्याशिवाय पदवी मिळत नसे, आणि चार वर्षं ती तरणतलावाच्या दारापाशी जाऊन परत फिरत असे. शेवटी व्यायामाच्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या होत्या, 'जा घरी, मी बघते.' त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या होत्या. आता ते कॉलेजही बंद पडून पंधरा वर्षं झाली होती.

पत्राखाली आणखी काहीतरी होतं. चार पानी, पिवळं पडलेलं, आमच्या चर्चमध्ये अंत्यविधीला वाटतात तसलं पत्रक. वर फोटो, फोटोखाली नाव: लोरीन क्रेनशॉ, वय सोळा.

व्हर्डेलची थोरली बहीण. चर्चच्या सहलीला नदीवर गेली ती गेलीच. व्हर्डेल तेव्हा बारा वर्षांची होती.

किम्ब्रोच्या खोलीत पंखा फिरत होता. ९११ वर तीस वर्षांत व्हर्डेलनं नाही नाही ते ऐकलं होतं, पण आवाज कधी हलू दिला नव्हता. आता ती पत्रकाची दुमडलेली कडा बोटानं सरळ करत राहिली.

किम्ब्रोनं उठून दार लावलं. "व्हर्डेल, तुझ्या जुन्या अर्जावर पदवीधर लिहिलंयस."

"मला तसंच वाटत होतं."

"हे बघ, ते बंद कर. मी काही पाहिलं नाही. कागद हरवला, कॉलेज बंद पडलं, असं लिहून दे. नऊ वर्षं कोण चालवतंय ते केंद्र?"

व्हर्डेलनं कव्हर उघडंच किम्ब्रोपुढे सरकवलं. मग म्हणाली, "तुम्ही पाहिलंत, मिस किम्ब्रो. मीही पाहिलं. माझा अर्ज काढून घ्या. आणि जुन्या अर्जावरची ती ओळ खोडा, मी सही करते."

ती घरी आली तेव्हा डीकन ओझेल ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत होते. पातेलं मांडीवर. तिच्या काखेत चौकटीचे सुटे तुकडे पाहून त्यांचे हात थांबले.

"उघडलंस."

"हो."

"मी खोटं बोललो नाही. आलं म्हणालो, आत ठेवलंय म्हणालो."

"मला पत्र का नाही दाखवलं, बाबा?"

"तू गेली असतीस. तुझा हट्ट मला ठाऊक नाही होय?"

"साधा तरणतलाव होता. पाणी कमरेएवढं."

"लोरीनलाही कमरेएवढंच होतं," ते म्हणाले.

व्हर्डेल पायरीवर बसली. त्या घरात ते नाव चव्वेचाळीस वर्षांनी उच्चारलं गेलं होतं.

"एका कागदापायी दुसरी पोर पाण्यात घालू?" ओझेल पातेल्याशीच बोलत होते. "तुला पुढं लागेल हे मला काय माहीत. पदवी झाली म्हणून लोक टोपी काढतात, तर काढोत, म्हटलं. लोरीन त्याच कव्हरात आत आहे, टोपी तिच्यापुढंही निघते."

व्हर्डेलला एकदम ते सगळे ईस्टर आठवले. भिंतीपुढे टोप्या काढून उभी राहिलेली माणसं, आणि मागे, दाराशी, मान खाली घातलेले बाबा. तिला वाटायचं, अभिमानानं घातलीय.

"तुझी खुर्ची गेली का गं?"

"गेली."

"मी येऊन सांगू त्यांना? चूक म्हाताऱ्याची आहे म्हणून?"

"नको. शेंगा द्या इकडे, तुम्ही निम्म्या जमिनीवर सांडताय."

खुर्चीवर पुढच्या महिन्यात एक तरुण गृहस्थ आला. गोल्फच्या मैदानावरलं गवत कसं राखायचं, यात त्याची पदवी. माणूस गुणी आहे, कुणाला वाईट बोलत नाही, आणि काही अडलं की व्हर्डेलच्या टेबलाशी येऊन उभा राहतो. "मिस व्हर्डेल, हे कसं करायचं?" ती सांगते.

त्या गुरुवारनंतरच्या रविवारी आमच्या पाळकांनी पेत्राचा उतारा घेतला, वादळात नावेतून उतरून पाण्यावर चालत निघालेल्या पेत्राचा. शब्द वर चढत चढत गाण्यात शिरले, ऑर्गन मागून हुंकार द्यायला लागला. "जन्माचा कोळी, तरी बुडाला! बुडताना काय म्हणाला?" इथं नेहमी डीकन ओझेल सगळ्यांच्या आधी उठून साद देतात. ते उठले नाहीत. पाळक थांबले, ऑर्गन थांबला. मग बाईमाणसाचा एक आवाज आला, फोनवर असतो तितकाच शांत: "प्रभो, हात दे." व्हर्डेल उभी होती, आणि वडिलांचा हात तिच्या हातात होता.

चौकट पुन्हा त्याच खिळ्यावर आहे. आता कव्हर उघडं लावलंय. डाव्या बाजूला लोरीनचा फोटो, उजवी कोरी. येणारी माणसं अजूनही टोपी काढतात.

तर माझं मागणं एवढंच. तुमच्याकडे प्रार्थनेत गेलेल्यांची नावं घेत असाल, तर त्यांत एक वाढवा. लोरीन क्रेनशॉ, वय सोळा.