नऊ कागद

ती १९८८ सालची गोष्ट. निवडणुकीला नऊ दिवस उरले होते, आणि हवा मोजणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या मागच्या खोलीत वजनबाई खिडकीशी उभ्या राहून कागद झटकत होत्या.

"अहो बाई, हे काय चाललंय?" मागून आवाज आला.

तो काटेवाला होता. वर्षातून एकदा मोठ्या शहरातून यायचा, कार्यालयातला वजनाचा नाजूक काटा उघडून, पुसून, तपासून जायचा. एरवी यायचा दुपारी, सगळं आवरल्यावर. त्या दिवशी गाडी वेळेवर आली म्हणून सकाळीच टपकला.

"झटकतेय," वजनबाई म्हणाल्या. "वरची सुटी धूळ काट्यात पडते ना. काटा घाण होतो."

"रोज झटकता?"

"रोज. चौदा वर्षं झाली."

काटेवाल्याला हसू फुटलं. "म्हणजे पीठ सांडायचं आणि कोंडा मोजायचा! बाई, ती धूळच तर मोजायची आहे." मग त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. "कागद आतल्या बाजूला दुमडून आणायचा. कण न् कण काट्यात गेला पाहिजे. कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

शिकवलं होतं की. आधीचे कारकून निवृत्त होताना दोन दिवसांत सगळं घाईघाईने सांगून गेले. दवाखान्याच्या गच्चीवर एक यंत्र होतं. ते चोवीस तास हवा ओढायचं आणि वहीच्या पानाएवढ्या पांढऱ्या कागदातून गाळायचं. रोज सकाळी जुना कागद काढायचा, नवा लावायचा. कोऱ्या कागदाचं वजन आधी केलेलं असायचंच. मळलेल्या कागदातून ते वजा केलं की गावाच्या हवेत किती धूळ आहे ते कळायचं. "आणि काट्यात कचरा पडता कामा नये," हे कारकुनांचं शेवटचं वाक्य. वजनबाईंनी तेवढं गाठीला बांधलं.

त्यांचा स्वभावच तसा. सिमेंटच्या कारखान्याच्या सावलीतलं गाव ते. दोरीवरचे कपडे वाळून उतरवले की पापडासारखे कडक व्हायचे, पहाटे उठणाऱ्या माणसाच्या भुवया राखाडी दिसायच्या. पण वजनबाईंच्या घरात धूळ औषधालाही सापडायची नाही. दिवसातून तीनदा त्या खिडक्या पुसायच्या. तीनदा फडकं राखाडी व्हायचं, ते त्या पिळायच्या, आणि कार्यालयात कमी आकडा लिहिताना त्यांना कधी प्रश्न पडला नाही. किंवा पडला असेल आणि त्यांनी तोही झटकला असेल. आकडा कमी आला की साहेब खूश, साहेब खूश की दिवस बरा.

"आता काय करू मी?" त्यांनी काटेवाल्याला विचारलं.

त्याने पेटी आवरली. "माझं काम काट्याचं. तुमचा काटा अगदी बरोबर आहे." वहीत सही केली आणि पहिल्या गाडीने निघून गेला.

त्याच संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सभा होती. त्या काळी सगळे उमेदवार एकाच व्यासपीठावरून बोलत. त्या वर्षी त्यात एक बाई होती, आणि ती वजनबाईंची धाकटी जाऊ होती. मुलांच्या वॉर्डात परिचारिका. पर्यावरणाचं काम करणारा एक नवा पक्ष निघाला होता, रोपाचं चिन्ह असलेला. त्याची ती उमेदवार. गाव त्यांना झाडवाले म्हणायचं.

"बाई, झाडं लावायची तर माळी व्हा की!" मागून कुणीतरी ओरडलं. "निवडणूक कशाला?"

"झाले असते रे माळी," जाऊ म्हणाली, "पण मग तुझ्या लेकीला परवा वाफ कुणी दिली असती?"

मैदान हसलं. ओरडणाराही हसला. मग जाऊ शांतपणे बोलत राहिली. तिला भाषण येत नव्हतं; रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलावं तशी बोलायची. "मी सगळ्यांचे जाहीरनामे वाचलेत. हवा सगळ्यांकडे आहे. पण शेवटच्या पानावर, 'इतर' म्हणून. आमच्याकडे ती पहिल्या पानावर आहे, फरक असला तर एवढाच. कारखाना बंद करा असं मी म्हणत नाही, माझे दीर तिथेच कमावतात. चिमणीला धूळ पकडायची यंत्रणा बसवा म्हणते. ती कुणी हौसेने बसवणार नाही. बसवायला लावणारा माणूस गावाच्या कारभारात बसवावा लागतो, आणि तो तुम्हीच बसवू शकता. रस्ता वाईट असला तर वळसा घालून जाता येतं. श्वासाला कुठून वळसा घालणार?"

वजनबाई तिसऱ्या रांगेत होत्या. लोक खरंच ऐकताहेत हे त्यांना दिसत होतं.

मग गावाचे अध्यक्ष उठले; तेही उमेदवार होते. पंधरा वर्षं सगळा कारभार त्यांच्या हातात होता, आणि कारखान्याची मर्जीही. त्यांनी खिशातून कागद काढला. "आमच्या ताई फार कळवळून बोलल्या. पण कळवळा वेगळा आणि मोजमाप वेगळं. हे बघा सरकारी आकडे. आपली हवा मर्यादेच्या आत! आज नाही, चौदा वर्षं! आणि हे मोजले कुणी? आमच्या कुणा माणसानं? नाही हो. उमेदवारबाईंच्या सख्ख्या जावेनं! त्या बघा, तिथं बसल्यात!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माणसं माना वळवून बघू लागली. शेजारची बाई कौतुकाने त्यांचा हात दाबून म्हणाली, "आज नाव काढलंत हो!" वजनबाईंना वाटलं, जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं.

व्यासपीठावरून जाऊ त्यांच्याकडेच बघत होती. तिने पुन्हा बोलायला वेळ मागितला. "माझ्या जाऊबाई खोटा आकडा लिहिणार नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी मोजलंय तर तेवढंच असेल. मी वॉर्डातला खोकला मोजते, तो मला वाढलेला दिसतो. आता हे दोन्ही कसं खरं, ते मला नाही सांगता येत."

तिथेच लोकांचं मन फिरलं. नंतर कितीतरी वर्षं वजनबाईंना तो क्षण दिसायचा. तेव्हा उठून एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि बसून राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो कारखान्याच्या पॅकिंगमध्ये होता. जेवता जेवता थांबला, खोकला, पाणी प्याला.

"आत्ता बोललीस तर लोक काय म्हणतील? जावेसाठी आकडे फिरवले म्हणतील. उलट तिचंच नुकसान."

"पण अहो, ते खरं आहे ना."

"खरं आहे. पण खऱ्यालाही वेळकाळ असतो. निवडणूक होऊ दे, मग सांग साहेबांना. आणि माझाही विचार कर जरा. उद्या मला गेटवरच अडवलं तर?"

त्याचं चुकलं असं वजनबाईंना वाटलं नाही. खरं तर त्यांना हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणंच पुढे त्यांना आयुष्यभर खुपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद आतल्या बाजूने दुमडून, तान्ह्या मुलासारखा सांभाळत आणला. झटकला नाही. काट्यात ठेवला. आकडा आला तो रोजच्या तिप्पट. त्यांनी पुन्हा ठेवला, पुन्हा तिप्पट. साहेब दारातून म्हणाले, "काय बाई, झाली का नोंद?"

"होतेय," म्हणाल्या, आणि नोंदवहीत कालच्यासारखाच आकडा लिहिला.

चौदा वर्षं झाली ती चूक होती. त्या सकाळपासून ते पाप झालं. फरक त्यांना लिहितानाच कळला. असे नऊ कागद झाले. खरे आकडे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून ठेवले आणि ती चिठ्ठी चोळीत खोवून नऊ दिवस वागवली. त्या दिवसांत जाऊ दोनदा घरी येऊन गेली. पायांना फोड आले होते तिच्या, दारोदार फिरून. "ताई, जरा कोमट पाणी द्या हो पायाला," म्हणाली. वजनबाईंनी तिचे पाय स्वतः धुतले. "अहो, हे काय करताय, मोठ्या आहात तुम्ही!" जाऊ संकोचून हसली. वजनबाईंना वाटलं होतं, पाय धुताना बोलता येईल. नाही आलं.

मतदानाच्या दिवशी त्यांनी रोपावर शिक्का मारला. बाहेर आल्यावर थोडं हलकं वाटलं. जणू एका शिक्क्याने नऊ कागद पुसले जातात.

जाऊ चौऱ्याण्णव मतांनी पडली. त्या मैदानावर त्या संध्याकाळी शेकड्यांनी माणसं होती.

तिसऱ्या दिवशी वजनबाई मुलांच्या वॉर्डात गेल्या. जाऊ कोपऱ्यात धुवून आलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. वजनबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं, चिठ्ठी तिच्यापुढे धरली.

जाऊने आकडे वाचले. "तिप्पट?"

"तिप्पट."

"झटकत होतात म्हणे! तुम्ही आणि तुमचा स्वच्छपणा." ती हसणार असं वाटलं. "शिकवलंच नाही नीट, त्यात तुमची काय चूक? ते सोडा. फक्त एवढं सांगा ताई, कळलं कधी?"

'काल' म्हणणं सोपं होतं. काटेवाला शंभर कोसांवर होता आणि नवरा बोलणार नव्हता.

"सभेच्या दिवशी," वजनबाई म्हणाल्या. "सभेच्या आधी. सकाळी."

वॉर्डात एक मूल खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं. मग तिने पुढची चादर उचलली आणि तिचं एक टोक वजनबाईंच्या दिशेने टाकलं.

"धरा," म्हणाली. "एकटीला नीट येत नाही घडी."

दोघींनी मिळून सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या.

पुढच्याच आठवड्यात वजनबाईंनी कार्यालयाला पत्र लिहिलं, चौदा वर्षांची चूक आणि नऊ दिवसांचं खोटं, दोन्ही वेगवेगळं मांडून. साहेबांनी ते सहा महिने टेबलाच्या खणात ठेवलं. वर पोचलं तेव्हा चौकशी झाली आणि वजनबाईंना काट्यावरून काढून बाटल्या धुवायला बसवलं. ते काम त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं, चकचकीत केलं.

अध्यक्ष आणखी एकदा निवडून आले. मग गाव सोडून समुद्रकाठी राहायला गेले, तिथली हवा मानवते म्हणून. काटेवाला दरवर्षी येत राहिला, वजनबाईंना टाळत राहिला. शेवटच्या वर्षी मात्र बाटल्यांच्या खोलीच्या दारात येऊन, "त्या दिवशी मी सही करायला नको होती," एवढंच बोलून गेला. जाऊ तीनदा उभी राहिली, तिसऱ्यांदा निवडून आली, आणि दोन वर्षांत चिमणीला यंत्रणा बसली. दोरीवरचे कपडे मऊ वाळायला लागले. नवरा ते बघायला नव्हता. त्याच्या छातीचा फोटो बघून मोठ्या शहरातले डॉक्टर म्हणाले होते, "कमाल आहे, तुमच्या गावचे आकडे तर इतके चांगले होते." वजनबाई तेव्हा त्याची पिशवी हातात घेऊन बाजूला उभ्या होत्या.

जावेच्या पुढच्या दोन्ही निवडणुकांत वजनबाई घरोघर फिरल्या. आधी स्वतःचं सगळं सांगायच्या, मग मत मागायच्या. काही दारं तोंडावर बंद व्हायची. जाऊ त्यांच्याशी पहिल्यासारखी कधीच बोलली नाही, पण त्यांच्याशिवाय कधी प्रचाराला निघालीही नाही. तीही गेली मागच्या वर्षी.

यंदा वजनबाई ब्याऐंशी वर्षांच्या. मतदानाला एकट्याच निघाल्या. केंद्रावरचा पोलीस म्हणाला, "आजी, तुम्ही पुढे या, रांग लावायची गरज नाही."

"राहू दे रे बाळा. लावते रांग."

ऊन चढलं. रांग पुढे सरकेना. अर्ध्या वाटेत त्यांना दम लागला, तेव्हा त्या बाजूच्या पायरीवर जाऊन बसल्या आणि पदराने तोंड पुसू लागल्या. मागच्या अनोळखी बाईने एक पाऊल पुढे टाकलं नाही. तेवढी मोकळी जागा सोडून ती तशीच उभी राहिली.