मॉरिसचं खालचं काम

"मारुतरावांना फोन केला, तर ते म्हणाले इंजिनचं खालचं काम तुम्ही केलं होतं." राजेश्वरीबाईंनी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "समीक्षा चालवत होती. कामशेतच्या चढाला ठकठक सुरू झाली, तेलाचा लाल दिवा लागला. तुमच्या शब्दावर नातीच्या हाती गाडी दिली हो मी!"

सुहासनं किल्ली उचलली. दोन वर्षांपूर्वी ही जुनी मॉरिस त्यानंच लोणावळ्याला बाईंच्या बंगल्यावर पोचवली होती. "आता बिनघोर चालवा," असंही वर म्हणाला होता. पण खालचं काम, क्रँक-बेअरिंगचं, त्याचं नव्हतं; ते मारुतीनं केलं होतं. मारुतीच्या सांगण्यात काहीतरी गफलत झाली असेल, असं त्यानं मनाशी धरलं.

तळेगाव स्टेशनजवळचं ते गॅरेज दोघांचं. पाटीवर दोघांची नावं. आंबीच्या बुद्धवाड्यातला सुहास आणि पाटीलआळीतला मारुती यांनी मिळून धंदा काढला, तेव्हा गावात कुजबुज झालीच होती. मारुतीच्या आईनं, झुंबरबाईनं, दोघांना एका ताटात वाढून ती बंद केली.

बाई गेल्यावर सुहासनं इंजिन तापू दिलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावली. वर आवाज साधा होता. खाली, क्रँकपाशी, कुणीतरी आतून दार ठोठावल्यासारखा जड ठोका पडत होता.

"वरचं टॅपेट वाजत्यात," मारुती लांबूनच म्हणाला. "खालनं खोलायची गरज न्हाई."

"टॅपेट असं वाजतं व्हय?"

सुहासनं एकेका प्लगची वायर काढून पाहिली. तिसरी काढताच ठोका मंदावला. तिसऱ्या पिस्टनचं बेअरिंग गेलेलं. गाडीखाली शिरून त्यानं तेल सोडलं, तेलाचा चेंबर उतरवला. तळाच्या तेलात पितळी चुरा चमकत होता. तिसऱ्या बेअरिंगची कॅप सोडवली आणि आतला अर्धगोल शेल हातात आला. झिजून पत्र्यासारखा झालेला. त्याच्या पाठीवर खिळ्यानं मारलेली फुली होती. जुने शेल फेकून द्यायचे म्हणून दोन वर्षांपूर्वी ती सुहासनंच मारली होती. आणि कॅपला चिकटला होता सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. ढिला शेल घट्ट बसावा म्हणून घातलेला.



ते काम चाललं होतं तेव्हा त्याची आई, चिमाबाई, शेवटच्या दुखण्यात होती. "तू आईपाशी बस. बाकीचं मी बगतो," असं मारुतीच म्हणाला होता. तो उपकार सुहासनं आजवर मनात जपला होता.

बाहेर येऊन त्यानं शेल मारुतीसमोर धरला.

मारुती खाली बघत म्हणाला, "नवं शेल चुकीच्या मापाचं आलतं. बाईंचा रोज फोन. म्हनलं, जुनंच तूर्त चालंल. तू आल्यावर सांगनार व्हतो."

"मग?"

"तू आईला पोचवून आलतास. जीभच उचलली न्हाई."

"आन् बाईंना माजं नाव सांगताना बरी उचलली?"

मारुतीनं शेल घेऊन बाकावर ठेवला.

"चढाला इंजिन जाम झालं असतं, तर ती पोर कुटं गेली असती? फोन लाव. माज्यासमोर सांग."

मारुतीनं फोन लावला. अडखळत, पण सगळं सांगितलं. पलीकडून बाई काय म्हणाल्या ते सुहासनं विचारलं नाही.

दोघांनी मिळून साखळीच्या कप्पीनं इंजिन उचललं. ओरखडे पडलेला क्रँक ग्राइंडिंगला गेला, त्याच्या नव्या मापाचे शेल आले. सुहासनं ते सगळे स्वतः मोजले. तेलाचं बोट फिरवून एकेक बसवला. क्रँक हातानं फिरवून पाहिला. लोण्यात फिरावा तसा फिरला.

कॅपचे बोल्ट आवळायला मारुती पुढं आला. सुहासनं आवळू दिले. शेवटचा बोल्ट झाल्यावर मारुतीनं पान्हा खाली ठेवला.

एकानं आवळलेला बोल्ट दुसऱ्यानं तपासायचा, अशी रीत त्या गॅरेजात कधीच नव्हती.

सुहासनं पान्हा उचलला आणि पहिल्या बोल्टापासून सुरुवात केली. मारुती हात पुसत शेजारीच उभा राहिला, शेवटचा बोल्ट होईपर्यंत.